गाव नसलेल्यांचा मे महिना

एप्रिल संपता संपता निकाल लागायचा आणि दोन-तीन दिवसांत आमची इमारत रिकामी व्हायला लागायची. पहाटे साडेचारला खाली टॅक्सी येऊन उभी राहिलेली ऐकू यायची. मग ट्रंक उतरवताना तिची लोखंडी किनार पायरीपायरीला आपटायची, होल्डॉलचा पट्टा आवळताना कुणाचे तरी वडील कुणावर तरी खेकसायचे, आणि ‘गॅस बंद केलास ना?’ हा प्रश्न तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारला जायचा. कुणी परळहून एसटी धरायचं, कुणी भाऊच्या धक्क्यावरून बोट. राजापूर, मालवण, दापोली, एखादं वाई. मेचा पहिला आठवडा सरला की प्रत्येक मजल्यावर कुलपं दिसू लागायची आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला शेजाऱ्यांच्या किल्ल्यांचा झुबका लटकलेला असायचा. कुणाच्या तुळशीला पाणी घालायचं, कुणाच्या मांजराला दूध ठेवायचं, कुणाची पत्रं घेऊन ठेवायची. खालच्या काकू किल्ली देताना दरवर्षी न चुकता विचारायच्या, “तुम्ही नाही का कुठे जाणार?” आजी म्हणायची, “आम्ही काय, इथलेच.”

इथले आम्ही नव्हतो. आजी हर्णैची. पण जमीन कुळकायद्यात गेली आणि राहिलेलं घर भाऊबंदकीत. जमिनीबद्दल ती कधी कडवट बोलली नाही. कसत होता त्याला मिळाली, त्यात वाईट काय, असंच म्हणायची. भाऊबंदांबद्दल मात्र काहीच म्हणायची नाही.

तर, गाव नसलेल्या आम्हा मुलांच्या वाट्याला मे महिन्यात दादरची चौपाटी यायची. आमची गल्ली कॅडल रोडवरून निघून सरळ वाळूत उतरायची. रस्त्याचं नाव केव्हाच स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग झालं होतं, पण बसच्या कंडक्टरपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे कॅडल रोडच म्हणत, आणि त्यात सावरकरांना मानणारेही होते. पाठीमागे शिवाजी पार्कचं मैदान. १९२५ साली ते खुलं झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. दोन वर्षांनी अवंतिकाबाई गोखल्यांच्या खटपटीमुळे शिवरायांचं नाव मिळालं. मैदानावरचं क्रिकेट पांढऱ्या कपड्यातलं, खऱ्या स्टंपांचं, नेटमधलं. अजित वाडेकर, संदीप पाटील याच मातीतले. तिथे शिरकाव नसलेली मुलं वाळूवर यायची. त्यांच्या अंगात चड्डी-बनियन आणि हातात आंब्याच्या पेटीच्या फळीची बॅट असायची.

दादरची चौपाटी सुंदर होती असं कुणी म्हणू लागलं की मला हसू येतं. जुहूला सिनेमावाले होते, गिरगावला रोषणाई, लोकमान्यांचा पुतळा आणि भेळेच्या गाड्यांची रांग. आमच्याकडे गटाराचं तोंड होतं, निर्माल्य होतं, स्मशान होतं. सकाळी लवकर वाळूवर जायचं नाही असा घरोघर नियम होता. त्याचं कारण मोठ्याने कुणी सांगत नसे, आणि वाऱ्याची दिशा बदलली की सांगायची गरजही पडत नसे. पण ओहोटीला पाणी खूप लांब जायचं. डाव्या हाताला वरळीचा किल्ला आणि कोळीवाडा, उजव्या हाताला माहीम आणि पलीकडे वांद्र्याचा माउंट मेरीचा डोंगर, आणि मधल्या मोकळ्या जागेत सूर्य बुडायचा. मधे काही म्हणजे काही नव्हतं.

मला खेळायला घेतलं ते बॅटिंग येत होती म्हणून नव्हे. मला तिथी माहीत असायची. आजीचे उपासतापास, एकादशी, संकष्टी, यांमुळे भिंतीवरच्या कालनिर्णयवर तिच्याबरोबर माझीही नजर रोज जायची. आणि हर्णैच्या किनाऱ्यावर वाढलेली ती एक हिशोब जाणून होती. तिथीची पाऊणपट करायची. येईल त्या आकड्याला भरती पुरी होते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला. पुढे सहा तासांनी ओहोटी पुरी. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण वाळूवरच्या खेळाला तेवढं चालतं. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास संध्याकाळी पाचसहाला पाणी पार आत गेलेलं, आणि त्या दिवसांत ते जातंही सगळ्यांत लांब. तेव्हा मैदान मोठं. अष्टमी-नवमीला संध्याकाळी लाटा थेट भिंतीशी, म्हणजे आमचा खाडा. कुठल्या दिवशी मॅच घ्यायची ते मी सांगायची. पोरं देवधर्म करणारी मुळीच नव्हती, पण मे महिन्यात आजची तिथी विचारली तर दहाबारा जण एका सुरात सांगतील अशी परिस्थिती होती. आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंना हे कळलं असतं तर त्यांना भरूनच आलं असतं.

खेळपट्टी ओल्या वाळूवर. पाणी नुकतं सरकलेली वाळू घट्ट असते, तिथे रबरी चेंडू बरा उसळतो. जरा वर कोरड्यात गेलं की चेंडू तिथल्या तिथे मरतो, आणि जरा खाली गेलं की पाय टाचेपर्यंत रुततात. तो मधला पट्टा सहासात पावलांचा, आणि तो एका जागी राहत नाही. त्यामुळे डाव चालू असताना मधेच यष्ट्या उपटायच्या, चार पावलं खाली किंवा वर न्यायच्या आणि पुन्हा ठोकायच्या. चेंडू टप्पा न पडता पाण्यात गेला तर बॅट्समन बाद, कारण चेंडू एकच होता आणि तो वाहून गेला तर खेळ संपला. या एका नियमामुळे नाणेफेकीला फार अर्थ होता. चतुर्थीच्या दिवशी तीनपासून पाणी उतरत असतं. त्या दिवशी टॉस जिंकणारा दुसऱ्यांदा बॅटिंग घ्यायचा, कारण तोवर समुद्र मागे हटून मारायला जागा झालेली असे. एकादशीला उलट. दुपारी दोनसव्वादोनला ओहोटी पुरी झालेली, पाच वाजता पाणी चढायला लागलेलं. तेव्हा आधी खेळून घ्यावं, कारण दुसऱ्या डावात सीमारेषा फटक्यागणिक जवळ येत जायची. शेवटच्या जोडीला तर पाय भिजवूनच खेळावं लागे. मुद्दाम वेळ काढणारे बोलर असायचे, चेंडू पुसत बसायचे, बुटाची नसलेली नाडी बांधायचे, म्हणजे पाणी येईल आणि मॅच अनिर्णित राहील. हे सगळं तर्कशास्त्र दहा वर्षांच्या पोरांनी स्वतःचं स्वतः शोधून काढलं होतं.

मी पाण्याकडच्या फिल्डिंगला. मुलींना तिथेच उभं करायचे. तिथे उभं राहून बघण्यासारखं बरंच असे. पाणी सरलेल्या वाळूत बोटभर अंतरावर भोकं पडलेली असायची, आणि प्रत्येक भोकाभोवती मोहरीपासून मिऱ्याएवढ्या वाळूच्या गोळ्या. इवले खेकडे वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाण्यासारखं काय ते काढून उरलेली गोळी मागे टाकत जायचे. रांगा भोकापासून चहूबाजूंना फाकलेल्या, कुणी टिपके मांडून रांगोळीला बसावं तशा. जवळ पाऊल पडलं की खेकडा गडप. नुसतं स्तब्ध उभं राहिलं तर आधी दोन डोळे वर यायचे, मग एक नांगी, मग पुन्हा काम सुरू. एक गोळी करायला त्याला किती वेळ लागतो ते मी मोजायची, आणि तेवढ्यात “अगं बॉल!” अशी बोंब उठायची.

स्मशान अगदी लागून होतं. भागोजीशेठ कीरांच्या नावाचं. आजी सांगायची, रत्नागिरीला पतितपावन मंदिर बांधलं ना, तेच हे कीर. तिच्या तोंडी ते नाव फार आदराने यायचं. संध्याकाळी कधी माणसं तिकडून पाण्याकडे यायची, एखाद्याच्या अंगावर नुसता पंचा, डोकं ताजं भादरलेलं. तेव्हा न सांगता खेळ थांबायचा. बोलर चेंडू मुठीत झाकायचा, बॅट पाठीमागे जायची. ती माणसं आमच्याकडे बघायचीसुद्धा नाहीत. ती वर गेली की कुणीतरी हळूच “चल” म्हणायचं आणि पुढचा चेंडू मुद्दाम हळू टाकला जायचा. मरणाची भीती त्या वयात आम्हाला वाटली नाही, याचं मला आता नवल वाटतं. कदाचित रोज दिसत होतं म्हणून. घरी आलं की जिन्याखालच्या नळावर पाय धुवायचे, डोक्यावरून पाण्याचा हात फिरवायचा, आणि तेवढ्यावर आजीच्या लेखी आम्ही शुद्ध.

दुसरी माणसं यायची ती चैत्यभूमीवर. ७ डिसेंबर १९५६ला बाबासाहेबांवर जिथे अंत्यसंस्कार झाले ती जागा आमच्या वाळूला लागूनच. सहा डिसेंबरची अथांग गर्दी निराळी. पण मे महिन्यातही विदर्भ-मराठवाड्यातून घरंच्या घरं यायची. आत जाऊन डोकं टेकून झालं की मग समुद्र. त्यांतल्या कितीतरी जणांना तो आयुष्यात पहिल्यांदा दिसत असायचा. बाया पाण्याच्या कडेला उकिडव्या बसायच्या, ओंजळीत पाणी घेऊन चाटून बघायच्या आणि खारट लागलं की तोंडं वेडीवाकडी करून एकमेकींकडे बघून हसायच्या. एकदा पांढरं धोतर, पांढरी टोपी घातलेले एक आजोबा माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. बराच वेळ पाणी मागे जाताना बघितलं आणि मला विचारलं, “पोरी, हे समदं पाणी जातं कुठं?” मी ऐटीत म्हटलं, ओहोटी आहे. ते म्हणाले, “ते खरं. पर जातं कुठं?” तिथीची पाऊणपट मला येत होती, पण हे येत नव्हतं. त्यांनी आणखी थोडा वेळ वाट पाहिली, मग चप्पल हातात घेऊन गेले.

घरात मे महिना म्हणजे वैतागच. समुद्र पन्नास पावलांवर आणि नळाला पाणी नाही. तळ्यांची पातळी उतरली की पाणीकपात, मग पहाटे उठून पिंप, कळशा, पातेली भरून ठेवायची. लोखंडाचं काही टिकायचं नाही. खिडकीचे गज, ट्रंकेच्या कड्या, टीव्हीचा गच्चीवरचा अँटेना, सगळं गंजून खपल्या पडायच्या. पापड-कुरडया गच्चीवर घातल्या तर वाळायच्या खऱ्या, पण डब्यात भरून आठवडाभरात सादळायच्या. आई म्हणायची, पुण्याची माझी बहीण वर्षाचे पापड करते आणि मी महिन्याचे. वाळू तर सगळीकडे. अंथरुणात, कानात, वहीच्या पानांत. साबुदाण्याच्या चिकवड्या राखायला आम्हाला गच्चीवर बसवायचे, हातात कावळे हाकलायला काठी आणि मांडीवर लायब्ररीतून आणलेला फास्टर फेणे. कावळे हुशार. पान उलटलं की यायचे.

साडेअकराबाराला झळा सोसेनाशा झाल्या की पश्चिमेची खिडकी एकदम खडखडायची. वारा फिरला. भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे यांच्या बाणांच्या आकृत्या होत्या आणि त्या पाठ करून मुलं मार्क मिळवायची. आमच्या घरी तो बाण रोज दुपारी पडदा छताला लावायचा. रात्री पुन्हा सगळं थिजायचं. मग माणसं चटया घेऊन गच्चीवर, नाहीतर वाळूवर. वाळूवर ताडगोळेवाला, कैरीचे बारीक तुकडे घातलेली भेळ, पाटीवर निखाऱ्याचं मडकं ठेवलेला शेंगदाणेवाला. पाहुणे आले तरच ‘प्रकाश’ हॉटेलातलं पियूष. मोठी माणसं समुद्राकडे तोंड करून बसत, पण बोलणं सगळं घराकडचं. बढती, लग्नं, भाडं, कुणाच्या मुलाला पार्ल्यात ब्लॉक मिळाला. पाण्यात कुणी उतरत नसे. आमच्यातल्या फारच थोड्यांना पोहता येत होतं.

मुलींचं वाळूवरचं क्रिकेट एक दिवस संपतं. कुणी बंद करत नाही. आई नुसती म्हणते, “आता पुरे की,” आणि पुढच्या मेमध्ये आपण शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मैत्रिणींबरोबर पाय हलवत बसलेल्या असतो आणि मुलं वाळूकडे जाताना दिसतात. तरी तिथी विचारायला ती थांबायची. विशेषतः प्रभादेवीच्या चाळीतला एक डावखुरा. त्याला आम्ही सगळे डावऱ्याच म्हणायचो. त्याचे वडील गिरणीत. त्यांना गाव होतं, देवगडकडे, आणि तो दरवर्षी मेच्या मध्यावर आईबरोबर जायचा, जूनच्या सुरुवातीला काळा ठिक्कर होऊन परतायचा, खिशात काजूच्या बिया. आम्ही त्याला हसायचो की ऐन मोसमात टीम सोडून पळतो.

१९८२च्या १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांचं नाव तेव्हा घरोघर होतं. अडीच लाखांच्या आसपास माणसं कामावर जायची थांबली. आमच्या इमारतीत गिरणीतलं कुणी नव्हतं, त्यामुळे सुरुवातीला ती वर्तमानपत्रातली बातमी होती. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. प्रभादेवीच्या, लालबाग-परळच्या चाळींतली माणसं तर एप्रिल उजाडायच्या आधीच गावाकडे जायला लागली. डावऱ्या मेच्या पहिल्याच दिवसांत गेला. या वेळी अख्खं घर, वडीलसुद्धा. आणि सामानात भांड्यांची पोती. त्याची आई आमच्या आजीला भेटायला आली होती ते मला आठवतं. दोघी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. तिने किल्ली आणली नव्हती. जूनमध्ये शाळा उघडल्या, पाऊस आला, काकू आल्या, तुळस हिरवीगार बघून खूष झाल्या, खिळ्यावरच्या किल्ल्या एकेक करत उतरल्या. डावऱ्या आला नाही. तोवर मे महिन्यातलं जाणं म्हणजे येणं हे आम्ही गृहीत धरलेलं होतं.

आता मी त्याच गल्लीत राहते, जुनी इमारत पाडून उभ्या राहिलेल्या उंच इमारतीत. खिडकीतून वरळीपासून वांद्र्यापर्यंत सरळ सी-लिंक दिसतो, ५.६ किलोमीटर, ३० जून २००९ला खुला झालेला. सूर्य आता त्याच्या तारांमागे मावळतो, आणि खरं सांगायचं तर ते दृश्य वाईट नाही. फोटोत तर मोकळ्या आकाशापेक्षा बरंच दिसतं. वाळू मात्र कमी झाली. कुणी म्हणतं भराव घातले म्हणून, कुणी म्हणतं पुलामुळे, कुणी म्हणतं समुद्रच वर येतोय. सकाळच्या फेरीतल्या निवृत्त इंजिनिअरांच्या दोन गटांत यावरून अबोला आहे. पोरं अजून खेळतात. भरतीच्या वेळा त्यांना मोबाइलवर मिनिटासकट मिळतात, आणि चेंडू वाहून गेला तर दुसरा असतो, त्यामुळे तो बाद होण्याचा नियमही गेला. टॉस जिंकून काय घ्यायचं याचा मग कुणी विचार करत नाही, हे बघून माझा जीव उगाच वरखाली होतो.

डावऱ्याचा पत्ता मला काही वर्षांपूर्वी शाळेतल्या कुणाकडून तरी लागला. गावी हापूसची कलमं बघतो, फवारण्या, राखण, पेट्या, दलाल. फोनवरचा आवाज पार त्याच्या वडलांसारखा. मी म्हटलं, “तुझी चैन आहे बाबा, समुद्र तिथेही आहे.” तर म्हणाला, “समुद्र खाली दोन मैलांवर. मे महिन्यात कुठला समुद्र? आंबा उतरवायचा असतो. पाऊस यायच्या आत उतरला नाही तर वर्ष गेलं.” गेल्या काही वर्षांत त्याचं पाणी बघणंच झालेलं नाही म्हणे, एकदा कुणाच्या तरी अस्थी सोडायला गेला होता तेवढंच.

दरवर्षी तो मला बोलावतो. “ये गावाला, पण मेमध्ये नको. मेमध्ये बोलायलासुद्धा फुरसत नसते. आंबा संपला की ये.” आंबा संपतो तेव्हा पाऊस सुरू होतो, पाऊस सुरू झाला की शाळा उघडते, आणि नातीला शाळेत सोडणं माझ्याकडे आहे. गणपतीत कोकण रेल्वेचं तिकीट मिळत नाही. बुकिंग उघडल्यावर काही मिनिटांत गाडी भरलेली असते. आम्ही दोघांनी तूर्तास ते दिवाळीवर टाकलं आहे.